दोन पंखे, एक नाव

साइटवर सगळे तिला वहिनी म्हणत. वास्तविक ती तिथे एकाच माणसाची वहिनी होती. पण तो माणूस डाव्या बोगद्यातल्या गँगचा मुकादम होता आणि त्याचा आवाज असा, की तो आतून टेलिफोनवर बोलायला लागला की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरावा लागे. "वहिनी, तुमचा कॉम्प्युटर उठला का, की अजून तोंड धुतोय?" असं तो रोज सकाळी विचारी आणि कंट्रोल रूममधले सगळे हसत. मग ऑपरेटर तिला वहिनी म्हणू लागला, मग फिटर लोक, आणि शेवटी तिच्या वडिलांच्या वयाचे साहेबसुद्धा. तिनं आधी नाक मुरडलं, नंतर सोडून दिलं.

एका डोंगराच्या पोटातून दोन बोगदे शेजारीशेजारी खणले जात होते, एक जायला आणि एक यायला. डावा बराच आत गेला होता, उजवा त्याच्या मागे रखडत होता. बोगदा खणताना खडकापेक्षा हवेची काळजी जास्त. सुरुंगाचा धूर, यंत्रांचा धूर, धूळ, सगळं आतच कोंडतं. म्हणून तोंडाशी मोठा पंखा बसवून कापडाच्या जाड नळीतून ताजी हवा पार टोकापर्यंत ढकलायची. बोगदा लांबला की तोंडावरच्या पंख्याचा दम पुरत नाही. मग वाटेत नळीला आणखी एक पंखा जोडतात. डाव्या बोगद्यात असा आतला पंखा होताच. उजव्यात तो त्या दिवशी पहिल्यांदा बसत होता.

हे आतले पंखे चालवायचे ते उतारावरच्या पत्र्याच्या केबिनमधून. तीच कंट्रोल रूम. भिंतीवर मोठा स्क्रीन आणि त्यावर प्रत्येक आतल्या पंख्याचा एक चौकोन. पंखा फिरत असला तर हिरवा, थांबला तर लाल, आणि त्याच्याकडून काहीच खबर येत नसली तर राखाडी. हे सॉफ्टवेअर वहिनीनं आणि तिच्या जोडीदारानं लिहिलं होतं. जोडीदाराला सगळे दाढी म्हणत, कारण ती त्याच्या आधी दारातून आत यायची.

कोपऱ्यातल्या सर्व्हरमध्ये प्रत्येक पंख्यासाठी एक वेगळा छोटा प्रोग्रॅम चालायचा. त्या प्रोग्रॅमला आपल्या पंख्याशी बोलायला एक जोड लागायची. ही जोड तांब्याची नाही. सॉफ्टवेअरनंच तयार केलेली, हातात धरता न येणारी, तरीही खऱ्या तारेसारखी काम करणारी. तिला ती दोघं इंटरफेस म्हणत. अशा प्रत्येक इंटरफेसला नाव द्यावंच लागतं, आणि एका सर्व्हरवर एकाच नावाचे दोन इंटरफेस राहू शकत नाहीत.

नावांवरून सुरुवातीला थोडी वादावादी झाली होती. वहिनीला नुसते आकडे आणि अक्षरं चालली असती, मशीनला पटतील अशी. साहेबांना ते मान्य नव्हतं. "काही बिघडलं तर माझ्या ऑपरेटरला वाचून कळलं पाहिजे. ते तुमचं गुप्त मंत्रासारखं काही नको मला." त्यांचं चुकीचं नव्हतं. मग साधी नावं ठरली. रोमन अक्षरांत लिहायची, पण आपल्या बोलण्यातली: बोगद्यातला-पंखा-डावा. नव्या पंख्याचं नाव त्याच चालीवर, बोगद्यातला-पंखा-उजवा.

दाढीनं ते सकाळी टाईप केलं आणि कळ दाबली. स्क्रीनवर नवा चौकोन उमटला. खाली संदेशांच्या पट्टीत एक ओळ सरकून गेली: याच नावाचा जुना इंटरफेस सापडला, काढून टाकून नवा तयार केला.

"जुना कुठून आला?" वहिनीनं विचारलं.

"काल मी चाचणी घेतली होती, तिचा राहिला असेल. वीज गेली की असे उष्टे इंटरफेस मागे राहतात, माहितीये ना तुला. मग नवा तयार होत नाही आणि सगळे माझ्या नावानं शंख करतात. म्हणून तर ती ओळ लिहिली. जुना दिसला की काढ आणि पुढे चल."

वहिनी मान हलवून आपल्या कामाला लागली. पण ती ओळ तिच्या डोक्यात कुसासारखी अडकून राहिली.

उजव्या बोगद्यात नवा पंखा बसवायला पंखेवाल्या कंपनीचा फिटर आला होता. तो इतका किडकिडीत होता की त्याला सगळे सुई म्हणत. पंख्याच्या लोखंडी पिंपात पात्यांच्या मागे सरकून बसणारा तो एकटाच. त्यानं आतून टेलिफोन केला, "लावा." ऑपरेटरनं उजवा पंखा लावला. ऑपरेटर जाडजूड, शांत माणूस होता, आयुष्यभर पंप आणि पंखे चालवलेला. त्याच्या बोटाच्या टोकाशी कधी घाई नसे. चौकोन हिरवा झाला. डावा चौकोनही हिरवाच होता. साहेब चहाचा कप घेऊन उभे होते, ते म्हणाले, "छान."

थोड्या वेळानं सुईचा पुन्हा फोन. "बंद करा. दोन नट खडखडतायत. मी आत शिरतोय, मी सांगेपर्यंत हात लावू नका."

"बरं," ऑपरेटर म्हणाला आणि उजव्या पंख्याचं बटण दाबलं.

नियमाप्रमाणे सुईनं आत शिरण्याआधी उजव्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन पंख्याचा मोठा स्विच खाली पाडायला हवा होता. पण ते तोंड त्याच्यापासून लांब होतं, आणि दिवसभर लाव-बंद, लाव-बंद चालणार होतं. त्यानं ऑपरेटरच्या शब्दावर भरवसा ठेवला. कोणीही ठेवला असता.

त्या क्षणी वहिनीची नजर योगायोगानं स्क्रीनवर होती. उजवा चौकोन लाल झाला. आणि त्याच्याबरोबर डावाही.

तिला आधी वाटलं, आपण पापणी मिटली असेल. इतक्यात डाव्या बोगद्याचा टेलिफोन खणखणला. ऑपरेटरनं उचलला आणि सवयीनं लांब धरला.

"अहो, पंखा का बंद केलात?" तिच्या दिराचा आवाज खोलीभर पसरला. पण आज त्या आवाजात थट्टा नव्हती, आणि मधेमधे खोकला होता. "नळी लुळी पडलीये. कधीपासून ते कळलंच नाही, लोडरच्या आवाजात काय समजणार! धूर साचलाय. मामा चक्कर येऊन खाली बसलाय."

मामा म्हणजे फोडलेला दगड भरणारं यंत्र, तो लोडर, चालवणारा, गँगमधला सगळ्यात वयस्कर माणूस.

साहेबांनी कप खिडकीत ठेवला. "डावा बंद कसा पडला?"

"आत्ता तर हिरवा होता," ऑपरेटर म्हणाला. "थांबा, लावतो." त्याचं बोट डाव्या पंख्याच्या 'चालू'वर गेलं.

वहिनी केव्हा उठली ते तिलाही आठवत नाही. खुर्ची मागे आपटली. तिनं दोन्ही हातांनी ऑपरेटरचं मनगट पकडलं आणि टेबलापासून बाजूला ओढलं.

"नका दाबू!"

"अहो, काय करता?" साहेब ओरडले. "माणसं आत गुदमरतायत!"

"तुम्ही एक बंद केला आणि दोन बंद झाले," ती ऑपरेटरला म्हणाली. "मी पाहिलं. एकाच वेळी. दोन्ही चौकोनांत एकच पंखा दिसतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे," तिनं आवाज खाली आणला, "डावा लावायला गेलात तर उजवा फिरेल. सुई आत आहे."

ऑपरेटरनं हात झटकन आपल्या पोटाशी ओढून घेतला, जणू टेबल तापलं होतं.

टेलिफोनमधून तेवढा खोकला ऐकू येत होता. मग दीर म्हणाला, "लावताय ना? वहिनी, तुम्ही आहात का तिथे? लावा ना पंखा!"

"भाऊजी, जरा थांबा," ती म्हणाली.

"थांबू? कशासाठी थांबू?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. "तुम्हाला खात्री आहे?"

"नाही."

"नाही?"

"खात्री नाही, साहेब. त्या बटणानं कुठला पंखा फिरेल ते मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?"

साहेबांनी उजव्या बोगद्याचा टेलिफोन ओढला आणि घंटी वाजवली. वाजत राहिली. सुई पिंपाच्या आत, कानात बोळे घालून, पान्यानं नट आवळत असणार. टेलिफोन तिथून दूर, भिंतीवर.

दाढी पांढराफटक पडला होता. तो हळूच म्हणाला, "पंधरा अक्षरं."

वहिनीला तेवढं पुरलं. सर्व्हर इंटरफेसचं नाव पंधरा अक्षरांपेक्षा लांब ठेवू देत नाही. मोठं नाव आलं तर पुढची अक्षरं छाटून टाकायची, ही ओळ तिनंच लिहिली होती. रोमन अक्षरांत बोगद्यातला-पंखा-डावा छाटलं की उरतं बोगद्यातला-पंख. उजवा छाटला तरी बोगद्यातला-पंख. डावा-उजवा हा फरक नावाच्या शेपटीत होता आणि शेपटीच कापली गेली होती. सकाळी सापडलेला 'जुना' इंटरफेस चाचणीचा नव्हताच. तो डाव्या पंख्याचा होता, चालता, जिवंत. दाढीच्या ओळीनं तो काढून टाकला आणि त्याच नावानं उजव्याचा तयार केला. डाव्या पंख्याच्या प्रोग्रॅमनं आपली जोड नावानं शोधली, नाव सापडलं, आणि तो निमूटपणे दुसऱ्याच पंख्याशी बोलत राहिला. उजवा लागेपर्यंत डावा चौकोनही लालच झाला असणार, पण तेव्हा सगळ्यांचे डोळे नव्या चौकोनावर होते. इकडे खऱ्या डाव्या पंख्याला कोणाचीच आज्ञा येईना, म्हणून तो आपोआप थांबला. तसाच तो बनवलेला होता, कोणाच्या ताब्याशिवाय फिरत राहू नये म्हणून.

"उजव्याचा मोठा स्विच," ती दाढीला म्हणाली. "तोंडावरचा. पाड जाऊन. पळ!"

दाढी पळाला. उतारावर त्याची एक चप्पल निघाली ती त्यानं तशीच सोडली.

तिनं रिसीव्हर ऑपरेटरच्या हातातून घेतला. "भाऊजी, नीट ऐका. लोडर बंद केला का?"

"केला. पण धूर आहे ना साचलेला! आमच्या आणि तुमच्यामध्ये सगळा धूरच आहे. दिवा दिसत नाही पलीकडचा. मामाला उचलून त्यातून कसं न्यायचं?"

"पंख्यापाशी जाता येईल का? त्याच्या पेटीवर हातानं लावायची चावी आहे."

"पंखा धुराच्या पलीकडे आहे, वहिनी." खोकला. "एक जण निघाला होता, अर्ध्यातून परत आला, डोळे उघडता येत नाहीत. तुम्ही तिथून लावा की! रोज लावता तसा लावा!"

मागे कोणीतरी मामाला हाका मारत होतं. मामा, ओ मामा, इकडे बघा.

"लावते," ती म्हणाली. "पण आत्ता नाही लावता येत."

"का?"

ती काय सांगणार होती? सुईचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग तिथे, धुरात, त्यानं ते कशाशी तोलायचं? तिनं रिसीव्हर ऑपरेटरकडे दिला. "त्यांच्याशी बोलत राहा. फोन ठेवू देऊ नका. जमिनीलगत बसून राहा म्हणावं, कोणी पळू नका."

ऑपरेटर बोलू लागला. अगदी हळू, लहान मुलाला झोपवताना बोलावं तसा. वहिनी कीबोर्डपाशी बसली.

डाव्यासाठी नवी जोड तयार करायची. नाव छोटं, छाटलं जाणार नाही असं. तिनं 'डावा' एवढंच टाईप केलं, आणि थांबली. दाढीची ओळ अजून तिथेच होती. 'डावा' नावाचं आणखी काही कुठे असलं तर तेही न विचारता उडालं असतं. तिनं आधी ती ओळ शोधून काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं: नाव आधीच असेल तर काहीही काढू नको, काहीही तयार करू नको, थांब आणि सांग. तीन वेळा वाचलं. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते, त्यांचा श्वास तिला मानेवर जाणवत होता. एरवी तिनं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं असतं.

"झालं का?"

"तयार आहे. पण लावत नाही अजून."

"आता काय राहिलं?"

"हा डावाच आहे कशावरून? मघाशीही स्क्रीनवर डावाच लिहिलं होतं."

खिडकीतून उजव्या बोगद्याचं तोंड दिसत नव्हतं, मधे खडीचा ढीग होता. दाढी पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्याचा मोबाईल टेबलावरच पडलेला होता.

"मामा बोलत नाहीये आता," ऑपरेटर रिसीव्हरवर तळवा ठेवून म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मुकादम शिव्या देतोय."

"देऊ दे."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. दोन चौकोन, दोन्ही लाल. उजव्याचा मोठा स्विच पडला की उजव्या पंख्याकडून खबर यायची थांबेल. तिचं म्हणणं खरं असेल तर त्या वेळी दोन्ही चौकोन एकदमच राखाडी होतील. खोटं असेल, तर एकच होईल, आणि मग इतका वेळ तिनं आपल्याच माणसांची हवा अडवून धरली होती.

सासूबाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागला. तिनं तो येऊ दिला नाही.

लाल. लाल. साहेबांनी पुन्हा उजव्याची घंटी वाजवली. कोणी उचललं नाही.

मग दोन्ही चौकोन एका क्षणी राखाडी झाले.

साहेबांच्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हता तो. वहिनीनं कळ दाबली. सर्व्हरनं 'डावा' हे नाव तपासलं, कोणाचंच नव्हतं, आणि जोड तयार केली. डावा चौकोन राखाडीचा लाल झाला. पंखा सापडला होता. उजव्याची वीजच नव्हती, तेव्हा उत्तर देणारा हा दुसरा कोणी असूच शकत नव्हता.

"आता," ती ऑपरेटरला म्हणाली. "आता दाबा."

त्यानं दाबलं. लाल चौकोन हिरवा झाला. तिघंही टेलिफोनकडे बघत राहिले. कापडाची नळी भरायला वेळ लागतो, तोवर आत काहीच कळत नाही.

"नळी हलली," दीर म्हणाला. आणि मग त्याच्या नेहमीच्या आवाजात, रिसीव्हर लांब धरावा लागेल असा, "भरली! आली हवा, आली! अरे मामाला नळीच्या तोंडाशी आणा रे!"

ऑपरेटर खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

धूर तोंडाकडे सरकून बाहेर पडल्यावर माणसं बाहेर आली. मामाला चौघांनी उचलून आणलं. तो शुद्धीवर होता, पण बोलणं लागत नव्हतं. गाडी त्याला घेऊन दवाखान्यात गेली. दीर गाडीबरोबर गेला नाही. तो केबिनच्या पायरीशी उभा राहिला, तोंड काळं, डोळ्यांतून पाणी. वहिनी बाहेर आली तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवून चालता झाला. टेलिफोनवर त्याला खोलीतली ओरड तेवढी ऐकू आली होती, पुढचं हळू बोलणं नाही. 'नका दाबू' हे त्याच्या वहिनीच्याच तोंडचं.

सुईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो नट आवळून बाहेर आला, लावा म्हणून फोन केला, तो कोणी उचलला नाही, आणि तोंडाशी स्विच पडलेला दिसला, तेव्हा कुरकुरत चालत कंट्रोल रूममध्ये आला. "स्विच कोणी पाडला? माझी अर्धी दुपार खाल्लीत!"

साहेबांनी त्याला बसवलं आणि सांगितलं. तो हसला. "काहीतरीच काय साहेब!" मग त्यानं ऑपरेटरकडे पाहिलं. ऑपरेटरनं नजर वर केली नाही. सुईनं समोरचा चहाचा कप उचलला, तोंडाशी नेला, आणि न पिता खाली ठेवला. उठून बाहेर गेला. खडीच्या ढिगाशी उभा राहून तो मोबाईलवर बायकोशी बोलत होता. जेवलीस का, भाजी कसली केली होतीस, एवढंच विचारत होता, पुन्हा पुन्हा.

संध्याकाळी घरी दीर पडवीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. सासूबाईंनी त्याला वाफ दिली होती. त्या वहिनीला म्हणाल्या, "काय झालंय गं? आल्यापासून बोलत नाही. तुझ्यावर का फुगलाय?"

"त्यांनाच विचारा," वहिनी म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. ती परत आली तेव्हा तो उठून बसला होता.

"मी ओरडत होतो," तो म्हणाला. आवाज घोगरा. "आणि तुम्ही 'नका दाबू' म्हणालात. मी ऐकलं. घरच्या माणसानं. परक्यानं म्हटलं असतं तर काही वाटलं नसतं."

"सुई आत होता, भाऊजी. पात्यांच्या मागे."

"ते मला नंतर कळलं."

"तेव्हा सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

सासूबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांना कोण सुई, कुठली पाती, काहीच कळत नव्हतं, पण त्यांनी मधे तोंड घातलं नाही.

"माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "मामा माझ्या मांडीवर होता. मी कदाचित म्हटलं असतं, लावा."

"म्हणून नाही सांगितलं."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. "जेवायला वाढा," तो आईला म्हणाला. "वहिनींनापण. त्यांनीही सकाळपासून काही खाल्लं नसणार."

दुसऱ्या दिवशी दाढी आणि वहिनी समोरासमोर बसले. दोघांनाही वाटत होतं की चूक आपली, आणि दोघांनाही आतून वाटत होतं की दुसऱ्याची जास्त. "तू छाटलंस म्हणून," दाढी म्हणाला. "तू उडवलंस म्हणून," ती म्हणाली. दोन्ही खरं होतं. नुसतं छाटलं असतं तर सर्व्हरनं दुसरं नाव नाकारलं असतं आणि काम तिथेच अडलं असतं. नुसतं उडवलं असतं तर खरोखरचं उष्टंच उडालं असतं. दोन्ही ओळी आपापल्या जागी शहाण्या होत्या, त्यांची एकमेकींशी गाठ कधी कोणी घालून पाहिली नव्हती.

वहिनीनं साहेबांना सांगितलं, "तुमची वाचता येणारी नावं स्क्रीनवर राहतील, पूर्ण, शेपटीसकट. पण सर्व्हरच्या आतली नावं वेगळी असतील. प्रत्येक पंख्याच्या लांब नावावरून हिशेबानं काढलेली, छोटी, छाटायची वेळच येणार नाही अशी. ती वाचून कोणाला काही कळणार नाही."

"गुप्त मंत्र," साहेब म्हणाले.

"हो. आणि तरीही कधी दोन नावं सारखी निघालीच, तर कॉम्प्युटर स्वतःच्या मनानं काही करणार नाही. थांबेल आणि ओरडेल. त्यानं स्वतः तयार केलेलं नसेल ते तो कधीच काढणार नाही. काम खोळंबेल त्यानं, आधीच सांगते."

"खोळंबू दे," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःचाही एक हुकूम काढला. मोठा स्विच पाडून त्याला कुलूप लावल्याशिवाय आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातल्याशिवाय कोणीही पंख्यात शिरायचं नाही, मग तोंड कितीही लांब असो. दरम्यान पंखे हातानं चालले, प्रत्येक पंख्यापाशी एक माणूस बसवून. खणणं मंदावलं. वरून फोन येत राहिले आणि साहेब ते घेत राहिले.

नवं सॉफ्टवेअर चढवण्याच्या दिवशी वहिनीनं सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये बोलावलं. तिनं मुद्दाम एका खोट्या पंख्याला डाव्या पंख्याचंच नाव दिलं आणि कळ दाबली. स्क्रीनभर लाल पट्टी आली, भोंगा वाजला, आणि खोटा पंखा काही तयार झाला नाही. डावा हिरवा होता तो हिरवाच राहिला. ऑपरेटरनं तिला तेच आणखी दोनदा करायला लावलं. मग म्हणाला, "उजव्याचं नाव देऊन पाहा." तिनं तेही केलं.

मामा तेव्हा दवाखान्यातून घरी आला होता. लोडरवर तो परत आला नाही. त्याच्या हाताला कंप राहिला होता, आणि डॉक्टरांनी बोगद्यात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. साहेबांनी त्याला फाटकावर बसवलं. तिथून तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवत असे.

त्या दिवशी शेवटची चाचणी खऱ्या पंख्यांवर होती. आधी डावा. दीर आत पंख्यापाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या कोणाला पाठवा म्हणून वहिनीनं सुचवलं होतं, त्यानं ऐकलं नाही. टेलिफोन वाजला. ऑपरेटरनं रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"लावा, वहिनी."

"आत कोणी आहे का?"

"नाही."

"पिंपात डोकावून पाहिलंत?"

"पाहिलं. हात घालून पाहिलं." "उजव्यात?"

"स्विच पाडलाय. किल्ली सुईच्या खिशात आहे आणि सुई माझ्यासमोर उभा आहे."

सुईनं किल्ली वर करून दाखवली, टेलिफोनला दिसणार असल्यासारखी.

"मग लावा की," दीर म्हणाला. "कशाची वाट बघताय?"

वहिनीनं ऑपरेटरकडे पाहिलं. त्यानं खुर्ची मागे सरकवून तिला जागा करून दिली. तिनं स्वतः बटण दाबलं, आणि रिसीव्हर कानाला घट्ट धरून, आत पाती फिरू लागल्याचा आवाज येईपर्यंत उभी राहिली.